तूर आपली, डाळ कुणाची? लातूर-नांदेडच्या छोट्या धंद्याची सव्वाशे वर्षं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून देतोय. बोलीतलं बोलणं तसंच ठेवलंय, समजून घ्या.

आजचा विषय बऱ्याच जणांच्या घरात चाललेला आहे. "शेतीवर भागत नाही, गावातच काहीतरी छोटा धंदा टाकू. डाळमिल टाकू, मसाला टाकू, हळद पावडर करू." दादा म्हणतो कर्ज काढू, आई म्हणते नको, आणि तुम्ही यूट्यूबवर मशीनचे व्हिडिओ बघताय. मशीन कुठलं घ्यावं हे मी सांगणार नाही, त्याला लोक भरपूर आहेत. मी सांगणार आहे की हा धंदा आपल्या भागात आधी कुणी केला, तो गावातून शहरात का गेला, आणि आता परत गावात येतोय तर कुठे अडतोय. इतिहास माहीत असला की कर्जाच्या कागदावर सही करताना माणूस एक प्रश्न जास्त विचारतो.

सुरुवात एका साध्या गोष्टीपासून

निलंग्याचा शेतकरी तूर विकतो लातूरच्या मार्केटात. चार महिन्यांनी तोच शेतकरी गावच्या किराणा दुकानातून तूरडाळ विकत आणतो. तूर विकली त्या भावापेक्षा किलोमागे बरेच जास्त पैसे देऊन. मधे काय झालं? तुरीचं टरफल निघालं आणि दाण्याचे दोन भाग झाले. एवढंच. पण त्या एवढ्याशा कामात मजुरी आहे, यंत्र आहे, साठवण आहे, वाहतूक आहे आणि कुणाचा तरी नफा आहे. हा नफा गावात राहतो की बाहेर जातो, आजची सगळी गोष्ट याच्याभोवती आहे.

जात्यावरची डाळ

एकेकाळी हे काम घरातच व्हायचं. तूर निवडायची, तेलाचा किंवा पाण्याचा हात लावायचा, उन्हात वाळवायची, रात्री झाकून ठेवायची, मग परत ऊन. टरफल सैल झालं की जात्यावर भरडायची. मग सुपात पाखडायचं, चाळणीनं चाळायचं. डाळ वेगळी, चुनी वेगळी, टरफल वेगळं. चुनी आणि टरफल जनावरांना. काही भागांत तुरीला लाल मातीचा लेप देऊन वाळवायची पद्धत होती. मातीमुळे टरफल सुटायला मदत होते.

हे सगळं काम बायकांचं. पहाटे उठून दळण-भरडण आणि त्याबरोबर ओव्या. गी पॉइटेव्हिन आणि हेमा राईरकर या दोघांनी पुण्याहून काम सुरू करून महाराष्ट्रातल्या गावागावांतून अशा जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाच्या वर ओव्या जमल्या. आता विचार करा, लाखभर ओव्या तयार व्हायला किती पहाटा जात्यावर गेल्या असतील! आणि या कामाचा एक पैसाही कुणाच्या हिशोबात लिहिलेला नाही.

पण जात्याला उगाच डोक्यावर घेऊ नका. हाताने काढलेली डाळ शंभर किलो तुरीमागे साठ ते पासष्ट-अडुसष्ट किलो पडायची. बाकीचं तुटून चुनीत जायचं. कष्ट प्रचंड आणि उतारा कमी. घरापुरतं ठीक, विकायला परवडणारं नाही. उतारा हा शब्द लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

रेल्वे आली, गंज वाढला

आता जाऊ निजामाच्या काळात. आज आपण लातूर जिल्हा म्हणतो तो जिल्हा म्हणून १६ ऑगस्ट १९८२ ला झाला. त्याआधी तो उस्मानाबाद जिल्ह्यात होता. त्याच्याही आधी, १९५६ पर्यंत, उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके बीदर जिल्ह्यात होते. म्हणजे हा सगळा पट्टा हैदराबाद संस्थानाचा आणि शेजारचं बार्शी मात्र इंग्रजांच्या मुलखात, सोलापूर जिल्ह्यात.

१८९७ साली बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरची ही छोटी गाडी. रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट. आधी ती बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी एवढीच होती. मग पुढे सरकत सरकत १९११ साली लातूरला पोचली.

त्याआधी लातूरचा माल बैलगाड्यांनी जायचा. रेल्वे आल्यावर पोत्यांच्या थप्पी थेट वॅगनमध्ये जायला लागल्या. बाजार वाढला. १९१७ साली गंजगोलाईच्या मधोमध असलेली दुमजली इमारत बांधली गेली. नकाशा केला फैयाजुद्दीन या नगररचनाकाराने. त्या गोलाकार बाजाराला सोळा रस्ते येऊन मिळतात. आजही तिथे उभं राहिलात की कळतं, हे गाव खरेदी-विक्री डोळ्यापुढे ठेवून आखलंय. मराठवाड्यात बाजाराला "गंज" म्हणतात ते उगाच नाही.

तिकडे नांदेडला मनमाड-सिकंदराबाद लाइन १९०० च्या आसपास आली. गोदावरीच्या खोऱ्यातला कापूस, ज्वारी, कडधान्य त्या लाइनने जायला लागलं. आणि नांदेडच्या बाजाराचं तोंड हैदराबाद-निजामाबादकडे वळलं. ते अजूनही पूर्ण फिरलेलं नाही.

बाजार वाढला की फसवणूकही वाढते. वजनात काटा मारणं, रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवणं, नाना प्रकारच्या कपाती. म्हणून १९३० साली निजाम सरकारने शेतीमाल बाजाराचा कायदा केला. त्याच्याही आधी वऱ्हाडात १८९७ साली कापूस आणि धान्य बाजाराचा असाच कायदा झाला होता. १९६३ च्या महाराष्ट्राच्या बाजार समिती कायद्यामागे हा जुना अनुभव आहे. थोडक्यात, आज तुम्ही मार्केट यार्डात पट्टी घेता, त्या पट्टीमागे शंभर वर्षांची भांडणं आहेत.

गिरणी गावात का बसली नाही?

आता मुख्य मुद्द्यावर येऊ. डाळमिल शहरात का गेली? तूर तर गावात पिकते. टरफल काढायला इंजिन लागतं, ते गावातही बसवता येतं. पिठाची गिरणी गावोगावी पोचलीच की! मग डाळीची का नाही?

बरेच जण म्हणतात, "गावात वीज नव्हती." ते खरं आहे, पण अर्धंच. पिठाची गिरणी डिझेल इंजिनवर चालायची. खरं कारण पैशाचं आहे, आणि ते नीट समजून घ्या.

पिठाच्या गिरणीत माल गिऱ्हाइकाचा असतो. तुम्ही ज्वारी डोक्यावर घेऊन जाता, पीठ घेऊन येता, दळणाचे पैसे देता. गिरणीवाल्याचा पैसा फक्त यंत्रात अडकतो. डाळमिलचं तसं नाही. तूर निघते डिसेंबर ते फेब्रुवारी. लोक डाळ खातात बारा महिने. म्हणजे मिलवाल्याला दोन-तीन महिन्यांत वर्षभराची तूर रोखीने घ्यायची, गोदामात ठेवायची, ऊन असेपर्यंत वाळवायची, आणि डाळ हळूहळू विकायची. तोवर पैसा पोत्यांत अडकलेला. यालाच आपण खेळतं भांडवल म्हणतो.

असा पैसा कुणाकडे होता? आडत्याकडे. ज्याच्याकडून शेतकरी पेरणीला उचल घ्यायचा त्याच्याकडे. त्याच्याकडे गोदाम, बारदाना, हुंडी चालवणारी ओळख आणि दूरच्या शहरांतले व्यापारी. म्हणून मिल त्याच्या दारात बसली. लातूर आणि उदगीर या डाळमिलच्या बाजारपेठा झाल्या त्या अशा. तूर पिकते म्हणून फक्त नाही, तर तूर घेऊन थांबायची ताकद तिथे होती म्हणून.

आणि मिलवाल्याला शिव्या घालायचं कारण नाही. त्याने जोखीम घेतली, रोजगार दिला, लातूरची डाळ देशभर पोचवली. हमाल, मापाडी, वाळवणाच्या अंगणातल्या बायका, ट्रकवाले, किती घरं त्यावर चालली. फक्त नफा गावाबाहेर जमला एवढं मात्र खरं.

साखरेचंही बघा. ऊस पिकवणाऱ्यांनी सहकारी कारखाने काढले, लातूरला मांजरा कारखाना उभा राहिला. पण कारखाना म्हणजे कोट्यवधींचं काम, हजारो सभासद, सरकारी हमी. कोरडवाहू तुरीवाल्याच्या पाठीशी तेवढं काही उभं राहिलं नाही. दोन एकर तूर असणाऱ्याला विकून मोकळं व्हायचं हाच रस्ता राहिला.

गिरगावातल्या सात जणी

जरा मराठवाड्याच्या बाहेर जाऊन येऊ. १५ मार्च १९५९, मुंबईतलं गिरगाव. सात गुजराती बायका गच्चीवर बसून पापड लाटतात. भांडवल ऐंशी रुपये, तेही उसने. पहिल्या दिवशी चार पाकिटं पापड. ते पुढे झालं लिज्जत पापड. त्यातल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली.

ही गोष्ट तुम्ही ऐकलीच असेल. भाषणात सगळे सांगतात, "बघा, ऐंशी रुपयांतून केवढा धंदा!" पण यातली शिकण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. लिज्जतमध्ये पीठ एका ठिकाणी मळलं जातं. सभासद बहिणी ते घरी नेतात, लाटून वाळवून परत आणतात, मजुरी घेतात. म्हणजे कच्चा माल घ्यायची जोखीम संस्थेची, कष्ट घरोघरचे, चव सगळीकडे एकच. एका बाईला उडीद घेऊन सहा महिने थांबावं लागत नाही. डाळमिलच्या धंद्यात जे अडतं, तेच लिज्जतने पहिल्यापासून सोडवलं होतं.

३० सप्टेंबर १९९३

आता परत लातूरला. अनंत चतुर्दशीची रात्र सरली, गणपती विसर्जन करून लोक झोपले, आणि पहाटे चारच्या सुमारास किल्लारी हादरली. ६.२ रिश्टरचा भूकंप. लातूर-उस्मानाबादमधली गावंच्या गावं जमीनदोस्त. साडेसात हजारांपेक्षा जास्त माणसं गेली. दगड-मातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर पडल्या.

हे मी इथे का सांगतोय? कारण भूकंपानंतरच्या पुनर्वसनात एक गोष्ट घडली जिचा आपल्या विषयाशी थेट संबंध आहे. जागतिक बँकेच्या मदतीने घरदुरुस्तीचा मोठा कार्यक्रम आला. त्यात गावातल्या बायकांना संवाद सहायक म्हणून नेमलं गेलं. कुणाला किती हप्ता आला, सिमेंट आलं का, भिंत नियमाप्रमाणे बांधली का, हे त्या बघायच्या. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेचं काम यातूनच वाढलं. ज्या बायका ग्रामसभेत कधी तोंड उघडत नव्हत्या त्या तहसीलमध्ये जाऊन प्रश्न विचारायला लागल्या.

घरं बांधून झाल्यावर हे गट मोडले नाहीत. त्यांनी बचत सुरू केली. काळही अनुकूल होता. नाबार्डने १९९२ मध्ये देशभरात ५०० बचत गट बँकांना जोडायचा प्रयोग सुरू केला होता. माविम, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळ, १९७५ पासून होतंच. पुढे २०११ पासून "उमेद" अभियान आलं. महिन्याला वीस-पन्नास रुपये टाकून जमलेल्या पैशातून कुणी शेवयांचं मशीन घेतलं, कुणी मिरची कांडप, कुणी शेंगदाण्याची आणि कारळाची चटणी सुरू केली.

इतिहासाच्या नजरेने बघितलं तर ही मोठी गोष्ट आहे. आडत्याकडे जे होतं, म्हणजे थोडा जमलेला पैसा आणि एकमेकांवर विश्वास, ते पहिल्यांदा गावातल्या बायकांच्या हातात आलं. रक्कम छोटी होती. पण व्याज बाहेर जात नव्हतं.

२०१५ ते २०१७: तीन वर्षांचा धडा

ज्यांना डाळमिल टाकायची आहे त्यांनी हा तुकडा दोनदा ऐका.

लागोपाठ दुष्काळ पडले. २०१५-१६ मध्ये देशात तूर झाली साधारण २५-२६ लाख टन. ऑक्टोबर २०१५ मध्ये किरकोळ बाजारात तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या घरात गेली. टीव्हीवर दिवसभर डाळ. सरकारने साठ्यावर मर्यादा घातली, धाडी पडल्या, आयात वाढवली, २०१६ मध्ये मोझांबिकबरोबर डाळीचा करार केला.

त्याच दुष्काळात लातूरचं पाणी संपलं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वॅगन, सुमारे पाच लाख लिटर. बार्शी लाइटचीच लाइन १९२७ साली मिरजेपर्यंत गेली होती. २००७-०८ च्या सुमारास लातूर-कुर्डुवाडी मार्ग ब्रॉडगेज झाला होता म्हणून एवढी मोठी गाडी येऊ शकली. ज्या मार्गाने शंभर वर्षं धान्य बाहेर गेलं त्याच मार्गाने पिण्याचं पाणी आत आलं.

मग २०१६ ला पाऊस चांगला झाला. भाव बघून सगळ्यांनी तूर पेरली. २०१६-१७ मध्ये उत्पादन गेलं ४८ लाख टनांच्या पुढे. जवळजवळ दुप्पट! हमीभाव होता बोनस धरून क्विंटलला ५,०५० रुपये, आणि बाजारात भाव त्याच्या खाली. खरेदी केंद्रांपुढे ट्रॅक्टरच्या रांगा, बारदाना संपला म्हणून खरेदी बंद, लोक पोत्यांवर झोपले. तुमच्यातल्या काहींनी ते वडिलांबरोबर अनुभवलं असेल.

आता मिलवाल्याच्या जागी उभे राहा. २०१६ मध्ये ज्याने महाग तूर घेऊन साठवली, त्याच्या गोदामातल्या मालाची किंमत वर्षभरात निम्म्याच्या आसपास आली. मोठा व्यापारी असा एक फटका सोसतो. छोटा, कर्ज काढून बसलेला, एका हंगामात संपतो. मशीन चांगलं होतं, डाळ चांगली होती, गिऱ्हाईक होतं, तरी संपतो. चूक कुठे? तो डाळ करण्याचा धंदा करतोय असं त्याला वाटत होतं. प्रत्यक्षात तो तुरीच्या भावावर पैज लावत होता.

छोटी मिल: जरा आकडेमोड

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने मिनी डाळमिल तयार केली. तासाला साधारण एक क्विंटल तूर काढणारं, गावात बसेल असं यंत्र. इकडे परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या बदनापूर केंद्राने बीएसएमआर-७३६, बीडीएन-७११ सारखे तुरीचे वाण दिले. म्हैसूरची सीएफटीआरआय ही अन्नप्रक्रिया संशोधन संस्था कितीतरी वर्षांपासून उतारा वाढवायच्या पद्धती शोधत आलीय. म्हणजे यंत्र आणि ज्ञान दोन्ही गावाच्या जवळ आलं.

आता हिशोब. आकडे समजण्यासाठी धरलेत, तुमच्याकडचा चालू भाव घालून स्वतः करा.

समजा तूर ७,००० रुपये क्विंटल. शंभर किलोतून डाळ ७० किलो. बिनपॉलिश डाळ १२० रुपये किलोने गेली तर ८,४०० रुपये. चुनी-टरफल २५ किलो, २० रुपयांनी ५०० रुपये. एकूण ८,९००. म्हणजे वरचे १,९०० रुपये. त्यातून मजुरी, वीज, तेल, पोती-पिशव्या, वाहतूक आणि कर्जाचा हप्ता जायचा.

आता उतारा ७० चा ७५ झाला तर? पाच किलो जास्त डाळ, ६०० रुपये जास्त. त्यातले चुनीचे शंभर कमी होतील, तरी पाचशे वाढले, तेही त्याच मजुरीत, त्याच विजेत. म्हणून जुने मिलवाले दाणा हातात घासून बघतात, दाताखाली धरून बघतात. ओल बरोबर आहे का, तेल मुरलंय का, वाळवण पुरेसं झालंय का. शोरूममध्ये मशीनचा रंग बघण्यापेक्षा एखाद्या जुन्या मिलमध्ये पंधरा दिवस काम करून हे शिकलात तर जास्त फायदा.

दुसरा हिशोब भांडवलाचा. पन्नास क्विंटल तूर भरायची तर साडेतीन लाख रुपये आधी लागतात, आणि मिनी मिल एवढा माल आठवडाभरात काढते! उरलेलं वर्ष मशीनने काय करायचं? बहुतेक प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये मशीनचं कोटेशन ठळक असतं आणि खेळतं भांडवल कोपऱ्यात एका ओळीत. धंदा मात्र त्या ओळीवर बुडतो.

मग गावातल्या छोट्या मिलने टिकायचं कसं? इतिहासाने जे तीन रस्ते दाखवलेत ते सांगतो.

पहिला, पिठाच्या गिरणीचा रस्ता. मजुरीवर डाळ करून द्या. तूर शेतकऱ्याची, डाळ शेतकऱ्याची, चुनीचं काय ते आधी ठरवा, तुम्ही क्विंटलमागे मजुरी घ्या. भाव पडो की चढो, तुमचं काही बुडत नाही. गावातली घरं वर्षाची डाळ गावातच करून घेतील. नफा कमी, पण झोप शांत.

दुसरा, मशीन बारा महिने चालेल असं बघा. तूर आणि हरभरा उन्हाळ्याच्या तोंडावर, मूग-उडीद दसऱ्याच्या आसपास. पावसाळ्यात वाळवण होत नाही, तेव्हा मसाला-मिरची-पिठाचं काम. एका पिकावर घर चालवायचं ठरवलंत तर सात-आठ महिने हप्ता खिशातून भरावा लागेल.

तिसरा, लिज्जतचा रस्ता. एकट्याने तूर भरू नका. गटाने भरा, किंवा शेतकऱ्याला थोडे पैसे आत्ता, बाकीचे डाळ विकल्यावर, असं लेखी ठरवा. याला विश्वास लागतो, आणि विश्वास वहीतून येतो. वही रोज लिहा आणि सगळ्यांना दाखवा.

नांदेडची हळद

नांदेडकर म्हणतील, आमचं काय? तुमच्याकडे हळद आहे. अर्धापूर, मुदखेड, हदगाव हा पट्टा केळी आणि हळदीचा. हळद काढली की ती उकळायची किंवा वाफवायची, दोन आठवडे वाळवायची, मग ड्रममध्ये घोळून पॉलिश करायची. साधारण पाच क्विंटल ओल्या हळदीची एक क्विंटल वाळलेली होते. म्हणजे नांदेडचा हळदवाला तसा आधीपासूनच प्रक्रियावाला आहे. तुरीवाल्यासारखा कच्चा माल विकत नाही. पण हळकुंडाची पावडर होऊन पाकिटात जाते तो शेवटचा टप्पा बहुतेक बाहेरच होतो.

१९५६ पर्यंत नांदेड आणि निजामाबाद एकाच राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली आणि मधे सीमा आली. बाजाराने मात्र ती फारशी मानली नाही. राष्ट्रीय हळद मंडळ जानेवारी २०२५ मध्ये निजामाबादला सुरू झालं, आणि हिंगोली जिल्ह्यात वसमतला हळद संशोधन केंद्र आहे. नांदेड दोन्हींच्या मधे. पावडरचा धंदा करायचा तर जागा वाईट नाही.

पण इथे एक सावधगिरी. पावडर झाली की हळद ओळखता येत नाही. भेसळ, पिवळा रंग, याची भीती गिऱ्हाइकाला असते आणि ती रास्त आहे. तूरडाळीतही एकेकाळी लाखेची डाळ मिसळायचे. ती सतत खाल्ली तर पायाला लुळेपणा येऊ शकतो म्हणून १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदीची पावलं उचलली गेली. १९५४ चा भेसळ प्रतिबंधक कायदा, मग २००६ चा अन्नसुरक्षा कायदा, हे सगळं त्या भीतीतून आलं. त्यामुळे एफएसएसएआयची नोंदणी म्हणजे डोक्याला ताप असं समजू नका. अनोळखी गिऱ्हाईक तुमच्या पाकिटावर विश्वास ठेवेल तो त्या नंबरमुळे.

बोरसुरीचं नाव

२०२४ मध्ये एक चांगली बातमी आली. लातूर जिल्ह्यातल्या तीन गोष्टींना भौगोलिक मानांकन मिळालं: बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच आणि कास्तीची कोथिंबीर. वसमतच्या हळदीलाही मिळालं, कुंथलगिरीच्या खव्यालाही.

मला यात सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं सांगू? मानांकन बोरसुरीच्या तुरीला नाही, *तूरडाळीला* आहे. नाव डाळीचं आहे. म्हणजे त्या गावच्या मातीबरोबर डाळ करण्याच्या पद्धतीलाही किंमत आली. ज्या कामाचा कधी हिशोब लिहिला गेला नाही, त्या कामाला सरकारी कागदावर नाव मिळालं. अर्थात कागदाने पोट भरत नाही. बोरसुरीची डाळ म्हणून दुसरीच कुठली डाळ विकली गेली तर नाव दोन वर्षांत संपेल. ते सांभाळायचं काम गावाचंच.

मग, टाकावी का मिल?

सरकारी मदत आहे. २९ जून २०२० ला केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना आली. कर्जाला जोडून प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १० लाख, स्वतःचे किमान १० टक्के. बचत गटाच्या सदस्याला ४० हजारांपर्यंत बीज भांडवलाची सोय. आपल्याकडे हे काम कृषी विभाग बघतो. योजनांच्या अटी आणि मुदती बदलतात, त्यामुळे तालुका कृषी कार्यालयात जाऊन आजची स्थिती विचारा, फॉरवर्ड आलेल्या मेसेजवर जाऊ नका.

पण नीट बघा, अनुदान प्रामुख्याने यंत्राला आहे. आणि आपण आत्ताच बघितलं की आपल्या भागात यंत्रामुळे धंदा अडलेला नव्हता. तो तूर घेऊन थांबायच्या ताकदीमुळे अडला. म्हणून घरी बसून दादाशी, आईशी बोलाल तेव्हा मशीन कितीला हा प्रश्न शेवटी ठेवा. पहिला प्रश्न असा ठेवा: तूर कुणाच्या पैशाने घ्यायची, आणि भाव पडला तर कुणाचं नुकसान? याचं उत्तर घरातल्या सगळ्यांना पटत असेल तर पुढे जा. पटत नसेल तर एक वर्ष मजुरीवर काम करा, वही लिहा, गिऱ्हाईक ओळखीचं करा, मग मोठं पाऊल टाका. "नको" म्हणणाऱ्या आईला कदाचित २०१७ च्या त्या रांगा आठवत असतील. तिचं म्हणणं भित्रेपणा म्हणून सोडून देऊ नका, तेवढा हिशोब तिच्यासमोर मांडा.

या आठवड्यात एक काम करा. घरात आजी असेल तर तिला विचारा, तुमच्या घरी डाळ कशी करायचे, तेल किती लावायचे, किती उन्हं द्यायचे. मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. कंपनीच्या माहितीपत्रकात हे सापडणार नाही, आणि तुमच्या गावची तूर तुमच्या आजीला जास्त माहीत आहे.

पुढच्या भागात बार्शी लाइट रेल्वेची पूर्ण गोष्ट सांगतो, अडीच फुटांच्या रुळांवर एवढा व्यापार कसा चालला ते. तोपर्यंत काळजी घ्या, भेटू!